याची सुई

"आत नका येऊ, गनीभाऊ." सत्यभामाबाईनं दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून वाट अडवली. "पोरीच्या आंगावर माता आली हाये. कोनाची सावली चालत नाही."

"म्हणूनच आलो, मावशी."

अब्दुल गनी उंबऱ्याबाहेरच थांबला. धाडच्या आसपासच्या चौदा गावांत तो देवी टोचत फिरे. लोक त्याला देवीडॉक्टरच म्हणत. त्याच्या पाठीमागं अंगणात मांडव पडला होता. सत्यभामाबाईच्या धाकट्या लेकीचं लग्न उद्यावर आलेलं, संग्रामपूरचं वऱ्हाड सकाळी गाडीत बसणार. पण घरातली चार वर्षांची नात चार-पाच दिवसांत कुणाला दिसली नव्हती. शाळेतल्या मास्तरांनी तेवढंच त्याच्या कानावर घातलं होतं.

म्हातारीनं आवाज खाली आणला. "दोन रोज थांबा. लगन होऊ द्या. मंग काय पाह्यचं ते पाहा."

"दोन रोजात वऱ्हाड येते, जेवते अन् आपापल्या गावी जाते. मंग मी कोन्या कोन्या गावात पळू?"

तिला ठाऊक होतं. देवी निघाली तर दाराशी पहारा बसेल, आतलं माणूस बाहेर नाही की बाहेरचं आत नाही. मांडव आज संध्याकाळीच सोडावा लागेल. पण मागल्या साली गनी एका दारावरून असाच परतला होता. त्या घरातून पुढं दोन लेकरांची प्रेतं निघाली.

"मावशी, हात काढा."

आतून सुनेचा आवाज आला. "येऊ द्या त्यायले, आत्याबाई."

म्हातारीचा एक हात खाली आला. गनी तेवढ्यातून वाकून आत शिरला.

खोलीत कडुलिंबाचा वास कोंडला होता. पाल्यावर अंथरलेल्या धडप्यावर पोर निजलेली आणि तिच्या उशाशी तिची आई जनका, भिंतीला टेकून. तिचं पोट पार पुढं आलं होतं. गनीनं खिडकीचं दार ढकललं. उजेड पोरीच्या चेहऱ्यावर पडला. कपाळ, गाल, पापण्यासुद्धा फोडांनी भरल्या होत्या.

"पह्यले ताप आला का फोड?"

"दोन्ही संगच," जनका म्हणाली.

देवीत ताप दोन-तीन दिवस आधी येतो. त्यानं झबलं वर केलं. पाठीवर फोडांची दाटी होती. काही नुसते लाल, काही पाण्यानं टचटचीत, काहींवर खपली धरलेली. देवीचे फोड असे नसतात, ते सगळे एका वयाचे असतात. हे बोटाखाली मऊही लागत होते. पण तोंडावर एवढे का? तोंड, तळहात, तळपाय या देवीच्या जागा. त्यानं तळपाय पाहिले. साफ होते. राहिले तळहात.

"मूठ उघड, बेटा."

"नाही."

"काऊन?"

"अक्षता हायेत. मले आत्याच्या लग्नात टाकायच्या हायेत."

दारातून सत्यभामाबाई पुटपुटू लागली, कुठल्या देवाला काय बोलत होती कोण जाणे. गनीनं पोरीची बोटं एकेक करून सोडवली. पिवळे तांदूळ घामानं हाताला चिकटले होते. ते त्यानं अंगठ्यानं हळूच बाजूला सारले. खाली कोवळा, गुलाबी तळहात. त्यावर एक ठिपका नव्हता. त्यानं दुसरी मूठ उघडली. तीही तशीच.

गनीनं पोरीचं झबलं खाली ओढलं.

"देवी नाही, मावशी. कांजण्या हायेत. खपल्या गळून पडेपर्यंत पोरीले बाहीर काढू नका, पाव्हन्यायची लेकरं इकडं येऊ देऊ नका. लगन होऊ द्या."

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला न लावला आणि ती अंगणाकडे पळालीच. तिनं कुणाला तरी मोठ्यानं हाक मारली, कुणी तरी हसलं.

गनीनं पिशवी उचलली. जनका त्या पिशवीकडेच पाहत होती.

"भाऊ, मले टोचून द्या न."

"हे देवीचं हाये, बाई. कांजण्याले चालत नाही. अन् तुह्या अशा टायमाले मी हेही टोचत नाही."

"मंग याची सुई?"

"याची सुई अजून निघालीच नाही."

तो दारापर्यंत गेला होता. परत फिरला. "लहानपणी तुले झाल्या होत्या का कांजण्या? एकडाव झाल्या की पुन्हा होत नाहीत."

"मले आठवत नाही. माय असती तं सांगतलं असतं."

"बाळंतपन कधी?"

"सुईनीनं पंधरा रोज सांगतले."

कांजण्याही लागल्यापासून बाहेर पडायला पंधरा दिवसच घेतात. गनीनं मनात हिशेब धरला आणि अर्ध्यावर सोडून दिला. मोठ्या माणसाला हे दुखणं किती जड जातं, ते त्यानं पाहिलं होतं. तान्ह्या लेकराला होताना एकदाच पाहिलं होतं, ते लेकरू वाचलं नव्हतं. त्यानं वहीचं पान फाडलं, बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या नावानं चार ओळी खरडल्या आणि कागद तिच्या हातात दिला.

"घरी बाळंत होऊ नको. तुह्या आंगावर एक जरी फोड दिसला तं त्याच दिवशी गाडीत बस. मावशीले मी सांगतो."

बाहेर एकदम वाजंत्री सुरू झाली. पोर दचकली आणि सरपटत आईच्या पोटाला जाऊन बिलगली. तिला ओढून घ्यायला गनीचा हात पुढं झाला.

"राहू द्या, भाऊ," जनका म्हणाली. "पाच रोजापासून इथंच झोपून राह्यली ते."