पहिली सवारी

धारणीच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रिकाम्या जीपमध्ये पहिलं कोणी बसत नाही. खेड्यातल्या दवाखान्यात निघालेली सिस्टर माया धावत आली तेव्हा जीप गच्च भरली होती. म्हातारे बुधाजी उतरले आणि त्यांनी तिला आपली जागा दिली.

"बाबा, तुमी आता कसे जान?"

"मले कुठीच जायचं नाई, पोरी. मी रोज रिकाम्या जीपमंदी बसतो. एक सवारी दिसली का बाकीच्या येतात. भरली का मी मांगच्या जीपमंदी."

"जीपवाले काही देतात?"

"देत होते, मी नाई म्हनलो. तू येळेवर पोचली का तिकडं बाया तपासून होतात. सत्तरीतल्या मानसाच्या बसून रायन्याले याच्याहून जास्त भाव कुठं भेटते?"