दुसरा गट

तोंडवलीच्या आंबाबागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली वीस मुलं. मराठी व्याकरण शिकवल्याने त्यांना किती फरक पडतो, हे तन्वीला पीएच.डी.साठी तपासायचं होतं. एका गटाला निवृत्त शिक्षिका सुगंधाबाईंनी व्याकरण शिकवायचं, दुसऱ्याला अजिबात नाही, असं ठरलं. तीन महिन्यांनी परीक्षा घेतली, तर दोन्ही गटांची वाक्यं सारखीच बिनचूक!

"बाई, माझो प्रबंध बुडालो! दुसऱ्या गटाक शिकवलात?"

"एकाकय नाय गो. तुका शब्द दिलेलो ना!"

तन्वीने दुसऱ्या गटातल्या सरमिलाला जवळ बोलावलं. "तुका ह्या सगळा कोणी शिकवल्यान?"

"पयल्या गटातल्या रितान. त्या गटाक बाईंचो रोज एकच गृहपाठ आसता: आज शिकलात ता घराक जावन एकाक तरी शिकवा."