साधा ठेका

"चार मात्रांचा बाळबोध ठेका? आपण काय वरातीत वाजवतोय?" शार्दूलने ड्रमस्टिक आपटली.

नवं, सोप्या चालीचं गाणं ऋचाने लिहिलं होतं आणि बँडमध्ये बाकी सगळ्यांना ते आवडलं होतं. "अकरा वर्षं प्रयोग केले," ती म्हणाली, "आता लोकांनाही गाऊ दे की आपल्यासोबत."

शार्दूल तावातावाने कलेबद्दल बोलला, तत्त्वांबद्दल बोलला. उजव्या हाताबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही. वर्षभर तो हात मधूनच थरथरायचा आणि ठोका चुकायचा. पण त्यांच्या वेड्यावाकड्या संगीतात ती चूकही प्रयोग ठरायची. चाहते नेमक्या तिथेच टाळ्या वाजवायचे. साध्या ठेक्यात लपायला जागा नव्हती.

"एकदा वाजवून तर बघ," म्हणत ऋचाने मोबाइलवर ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक सुरू केली. घामेजल्या मुठीत स्टिक धरून तो वाजवू लागला. सातव्या आवर्तनात ठोका मागे पडला, आठव्यात पुन्हा.

टिकटिक थांबली. "जाऊ दे," ऋचा हळूच म्हणाली. "आपलं जुनंच बरं."

भांडण तो जिंकला होता, पण ऋचाची नजर त्याच्या उजव्या हातावर खिळली होती.