घाटाआधीची परीक्षा

"आधी तुम्ही चालवा," ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई पुढच्या सीटवर बसत म्हणाल्या. "मैदानापर्यंत. तिथून बाबा चालवतील."

साहेबांना ते पटलं. साहेब म्हणजे बाबांचा एकुलता एक मुलगा. ऑफिसात त्याच्या हाताखाली चार माणसं आली, तेव्हापासून घरातही त्याला हेच नाव पडलं होतं. थोडं कौतुकाने, बरंचसं वैतागून.

उद्या सकाळी बायको, दोन पोरी आणि बाबा, असं अख्खं घर गाडीत घालून घाट चढायचा होता. चालवायचं कोणी, यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. बाबा म्हणत, मी. बाबांचं वय त्र्याहत्तर. शेवटी साहेबांनीच तोडगा काढला: बाहेरच्या कोणाला तरी बोलवा, परीक्षा घेऊ दे, त्याचा शब्द शेवटचा. "तूच फोन कर," ते बायकोला म्हणाले. "मला मीटिंग आहे." तिने हातातली पोळी तव्यावर टाकून तिथल्या तिथे फोन लावला. लग्नाला बारा वर्षं झाली, इतक्या झटपट तिने त्यांचं कधी काही ऐकलं नव्हतं.

गाडी फाटकाबाहेर पडली. बाबा मागे एकटेच बसले होते.

"हा दिवा कसला?" बाईंनी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. लाल दिव्यावर धाकटीच्या वहीतलं स्ट्रॉबेरीचं स्टिकर चिकटवलं होतं, पण उन्हाने ते अर्धं निघालं होतं.

"तो असतोच," साहेब म्हणाले. "दोन महिने झाले. काही होत नाही."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आता काय लिहिलंत? परीक्षा तर सुरू व्हायचीय."

"सवय आहे हो," बाई म्हणाल्या. "ब्रेक वाजतात का?"

"फार वाजतात." साहेबांनी गाणी मोठ्याने लावली. "आता नाही वाजत."

पुढच्या चौकात फोन आला. ऑफिसातल्या चौघांपैकी एकाचं काहीतरी अडलं होतं. साहेबांनी एका हाताने त्याला झापलं आणि दुसऱ्या हाताने वळण घेतलं. पट्टा त्यांनी पाठीमागून अडकवून ठेवला होता, म्हणजे गाडी कोकलत नाही आणि शर्टही चुरगळत नाही. फोन ठेवून त्यांनी आरशात पाहिलं. बाबा खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

"बघा बाई," साहेब हळूच म्हणाले. "हात कसे थरथरतायत."

"दिसलं मला," बाई म्हणाल्या, आणि पान उलटून लिहायला लागल्या.

मैदानावर पोचल्यावर बाबा खाली उतरले, पण स्टिअरिंगवर बसायचं नाव नाही. आधी गाडीला प्रदक्षिणा घातल्यासारखे फिरले. प्रत्येक टायर डॉक्टरने पोट तपासावं तसा दाबून पाहिला. डिकी उघडून स्टेपनी पाहिली. स्टेपनी पापडासारखी चपटी होती. मग बॉनेट उघडून तेलाची काठी ओढून काढली, रुमालाला पुसली, परत घातली, परत काढली.

"बाबा, लग्नाला मुलगी बघताय का?" साहेब मागच्या सीटवरून ओरडले.

"तेल तळाला गेलंय," बाबा म्हणाले. "जवळच पंप आहे, आधी तिथे जाऊ. आणि तू पट्टा लाव."

"मी मागे बसलोय."

"मग मागचा लाव."

पंपावर तेल भरून झालं, चारही टायरांत हवा भरून झाली, स्टेपनीचं पोट भरलं. मग बाबांची गाडी रस्त्याला लागली. लागली म्हणजे काय, रांगली. एका सायकलवाल्याने मागे टाकलं. मग एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. बाबा थांबले. कुत्रा पलीकडे जायला निघाला, विचार बदलून परत आला, पुन्हा निघाला. बाबांनी त्याला हवा तेवढा वेळ दिला.

"वाजवा की हॉर्न," साहेब म्हणाले.

"त्याचं ठरू दे," बाबा म्हणाले.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं होतं. लिहिण्यापलीकडे गेलं असणार सगळं. पुढच्या उतारावर तर बाईंनी डोळेच मिटले. भीतीने मिटले असणार, बिचाऱ्यांनी.

घरी आल्यावर बाबांनी दोन्ही आरसे बघत, इंचाइंचाने गाडी उलटी घेऊन भिंतीशी लावली. हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि चाव्या मुलाच्या हातात टाकल्या. "धर." साहेबांनी त्या खिशात घातल्या.

बायको फाटकापाशीच उभी होती. बाईंनी वहीतली चार पानं फाडून तिच्या हातात दिली. तिने सगळी सावकाश वाचली आणि सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की कुंपणावरचं मांजर दचकलं.

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

"उद्या हातात स्टिअरिंग अजिबात देऊ नका, म्हणतायत. चाव्या आजच काढून घ्या."

साहेबांच्या छातीवरचा धोंडा उतरला. पोरी सुखरूप जाणार, सुखरूप येणार. आता त्यांना बाबांची दया आली. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नका, बाबा. होतं असं. घाटात मस्त खिडकीपाशी बसून झाडं बघायची."

बाबांनी सुनेकडे पाहिलं. सून हसली.

"बाबा, सहाला निघू या," ती म्हणाली. "तुम्ही आज लवकर झोपा." मग तिने कागदांची घडी घातली आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "चाव्या दे."