उरलेली ओळ

कोठडीत दगावलेल्या मुलाचा अखेरचा जबाब मिळावा म्हणून म्हातारीने वर्षानुवर्षे कोर्टाचे उंबरठे झिजवले. परवानगी मिळाली, तोवर तिची दृष्टी गेली होती. म्हणून अभिलेख कक्षातला कारकून पडद्यावरचे स्कॅन केलेले पान तिला वर्णन करून सांगू लागला.

"आजी, वर गोल शिक्का आहे. खाली सगळ्या ओळींवर काळ्या पट्ट्या मारल्यात. एक अक्षर दिसत नाही."

"म्हणजे तू आणि मी सारखेच की रे!" म्हातारी हसली. मग तिचा आवाज उतरला. "नीट बघ, बाबा. त्या दिवशी भांडून घराबाहेर हाकललं होतं मी त्याला. माझ्या नावानं शिव्याच घातल्या असतील, तर तेही सांग."

कारकुनाने पान मोठे केले. जबाब लिहून घेणाऱ्याने समासात पेन्सिलीने एक टीप लिहिली होती. ती झाकण्याची गरज कुणालाच भासली नव्हती. त्याने ती जशीच्या तशी वाचली.



"यापुढे शुद्ध हरपेपर्यंत आरोपी केवळ आईला हाका मारत होता. प्रकरणाशी संबंध नसल्याने लिहून घेतले नाही."