तिन्ही लक्षणं

"जमिनीला भेगा पडणं, झाडं आणि खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं. दरड कोसळण्याची ही तीन लक्षणं," डॉ. उदयसिंह म्हणाले आणि पडद्यावर त्यांचा स्वतःचा फोटो आला. परदेशातल्या कुठल्याशा कड्यापुढं, गॉगल लावून.

वाडीच्या देवळात सत्तरेक माणसं मांडी घालून बसली होती. बाहेर पाचवा दिवस पाऊस थांबला नव्हता. विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाचा हा लोकजागृतीचा कार्यक्रम. उदयसिंह विभागप्रमुख. त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी समीक्षा लॅपटॉपपाशी बसून एकेक चित्र पुढं सरकवत होती. लक्षणं एका चित्रात आटोपली; सरांच्या पुरस्कारांना सहा चित्रं लागली. प्रत्येक पुरस्काराला सर टाळ्यांसाठी थांबत. वाडीला ते कळायला तिसरा पुरस्कार उजाडला.

प्रश्न विचारा म्हटल्यावर निवृत्त सुभेदार आकाराम उभे राहिले.

"साहेब, तुमी सांगितल्याली तिन्ही लक्षणं वर टेकाडावर हायत."

"वा! म्हणजे विषय नीट पोचला," सर हसले. "समीक्षा, आजोबांचा फोटो घे."

"फोटो मागनं घ्या. वर चला. अर्ध्या तासाची वाट हाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळी महाबळेश्वरच्या हॉटेलात परिषदेचं उद्घाटन होतं. "असं अचानक नाही येता येत. रीतसर अर्ज द्या."

"जूनमधीच दिलाय की."

"मग प्रक्रियेत असेल."

तो अर्ज कुठं होता ते समीक्षाला माहीत होतं. मूल्यांकन समितीसाठी केलेल्या फायलीत, 'समाजाशी संवाद' या भागात. ग्रामस्थांनी विभागाकडे मागितलेलं मार्गदर्शन : एक. ती ओळ तिनंच टाइप केली होती. मार्गदर्शन द्यायला कोण जाणार, हे तेव्हा सरांनी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

सरांची गाडी निघाली. सामान आवरायचं निमित्त करून समीक्षा मागं राहिली आणि आकारामांच्या मागोमाग टेकाड चढली. विजेचा खांब तारांना लोंबकळल्यासारखा ओणवा झाला होता. झरा तांबडालाल वाहत होता. भेगेत तिचा हात खांद्यापर्यंत गेला, तरी बोटांना तळ लागला नाही.

खाली येऊन तिनं सरांना फोन लावला.

"सर, वाडी आजच हलवायला पाहिजे."

"इशारे देणं आपलं काम नाही. आणि काहीच झालं नाही तर? विभागाचं हसं होईल." मागं कुणीतरी, कणसाला लिंबू जास्त चोळ, म्हणत होतं. "तुझ्या प्रबंधावर अजून माझी सही व्हायचीय, हे विसरू नकोस."

चार वर्षं तिनं या माणसाची भाषणं लिहून दिली होती. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली नाही. किळस आली.

घराच्या दारात आकारामांच्या पत्नी, शालूबाई, उभ्या होत्या. "पोरी, खरं सांग. तुज्या आईला आज हितं झोपू दिलं असतंस का?"

"नाही."

"मग उभी काय ऱ्हायलीयास? ती म्हस सोड."

समीक्षानं तहसील कार्यालयात फोन केला. नाव स्वतःचं सांगितलं, विभागाचं नाही. दिवेलागणीच्या आत एकोणीस घरं, गुराढोरांसकट, ओढ्यापलीकडच्या गावच्या हायस्कूलमध्ये गेली.

दोन दिवस काही झालं नाही. "शिकल्याल्या पोरीनं उगंच भ्याव घातलं," बाया म्हणू लागल्या. तिला ऐकू जाईल अशाच बेतानं. ती वर्गाच्या कोपऱ्यात मान खाली घालून भाकऱ्या थापू लागायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला टेकाड खाली आलं. देऊळ गेलं, एकोणीसच्या एकोणीस घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

दुपारी सर आले. बरोबर दोन वार्ताहर. हायस्कूलच्या पायरीवर उभं राहून त्यांनी सांगितलं, की विभागाच्या व्याख्यानामुळंच लोकांना लक्षणं ओळखता आली, ब्याण्णव जीव वाचले, आणि हे यश ते नम्रपणे विद्यापीठाला अर्पण करतात. आकाराम मागं उभे होते. पायरीवरून उतरले, लांब जाऊन थुंकले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मग सरांनी समीक्षाला बाजूला घेतलं. "झालं ते झालं. या दरडीवर शोधनिबंध करतोय. तुझंही नाव घालतो. चौथं." तिच्या हातात त्यांनी छापील कागदांचा गठ्ठा आणि शाईचा पॅड दिला. "अभिप्राय अर्ज त्या दिवशी राहूनच गेले. लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घे. आजच लागतील."

शालूबाई सातवीच्या वर्गात भिंतीला टेकून बसल्या होत्या. खिडकीतून समोर, सोलून काढल्यासारखी तांबडी जमीन दिसत होती. समीक्षा त्यांच्याशेजारी फरशीवर बसली.

"काय लिवलंय त्यात?"

"असा कार्यक्रम पुन्हा घ्यावा का, म्हणून विचारलंय."

शालूबाईंनी खिडकीबाहेर बोट केलं.

"घ्या म्हणावं," त्या म्हणाल्या. "पर आता डोंगूर कुठनं आणायचा?"

समीक्षानं अभिप्रायाच्या रकान्यात ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली त्यांचा अंगठा घेतला.