येताना कोथिंबीर आण

"मयताचं नाव काय टाकू?" ऋजुताने विचारलं, आणि सगळी टीम वैजयंती मॅडमकडे बघू लागली.

विम्याच्या नव्या सिस्टीमचं टेस्टिंग चाललं होतं. मृत्यूचा क्लेम तपासायचा तर कुणाला तरी खोटं खोटं मारावं लागतं, आणि अपशकुन नको म्हणून कुणी स्वतःचं नाव देत नाही. वैजयंती मात्र नोकरीला लागल्यापासून, प्रत्येक कंपनीत, प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचंच देत आली होती. नॉमिनी म्हणून नवरा मुकुंद, आणि त्याचा खरा मोबाईल नंबर.

"माझंच टाक. रिटायर व्हायच्या दिवशी कसला आलाय अपशकुन?"

'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' असा मेसेज मुकुंदला गेला. दर वेळी त्याचं उत्तर तिच्या फोनवर लगेच यायचं: 'कळलं. येताना कोथिंबीर आण.' मग टीम हसायची आणि पुढच्या कामाला लागायची.

आज उत्तर आलं नाही. ऋजुताने पुन्हा तपासलं. मेसेज पोचला होता. वैजयंतीने फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. घरी तो एकटाच असतो, हे तिच्या आज पहिल्यांदा मनात आलं. पर्स उचलून ती लिफ्टने खाली धावली.

रिसेप्शनच्या सोफ्यावर मुकुंद बसला होता, मांडीवर हेल्मेट आणि रिकामी कापडी पिशवी.

"फोन का नाही उचललास?" तिने विचारलं.

"तुला न्यायला निघालो होतो. स्कूटरवर होतो, मेसेज आत्ता वाचला."

त्याने पिशवी तिच्या हातात दिली.

"कळलं. चल, आज कोथिंबीर दोघं मिळून घेऊ."